साहा राजकारणात गेले म्हणून वाया गेले?

दुर्बीण

काल ‘पाटीपेन्सिल’ यांनी भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांवर चार परिच्छेद टाकले. त्याचा गोषवारा असा: 1920 साली आयनीभवनाचं (अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं) समीकरण देणारा माणूस पुढे समित्या, धरणं आणि निवडणुकांच्या नादी लागला; होमी भाभांशी वैर धरलं, नेहरूंची मर्जी घालवली आणि शेवटची चार वर्षं लोकसभेत बोलण्यात खर्च केली; अलाहाबादला गप्प बसून काम करत राहिले असते तर नोबेल मिळालं असतं. त्याला पन्नासेक जणांनी ‘अगदी खरं’ म्हटलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विज्ञानाचं बघू. सूर्याच्या वर्णावरणात (पृष्ठभागावरच्या वायूच्या थरात) आयनीभूत कॅल्शियमच्या एच आणि के रेषा फार उंचावर दिसतात, सोडियमच्या मात्र तळाशीच विरतात. हे का, याचं उत्तर 1920 पर्यंत कुणाकडे नव्हतं. वायू किती आयनीभूत होणार हे फक्त तापमानावर ठरत नाही, दाबावरही ठरतं. वर दाब कमी असतो, सुटलेला इलेक्ट्रॉन परत सापडणं अवघड होतं, म्हणून आयनीभवन वाढतं. साहांनी हे गणितात बसवलं आणि त्यावरून एक भाकीतही केलं. रुबिडियमचा इलेक्ट्रॉन काढायला जेमतेम 4.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तो सूर्यावर सहज आयनीभूत होतो, म्हणून सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसत नाहीत. पण सौर डाग थंड असतात, तिथे त्या दिसायला हव्यात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ रसेल यांनी शोधल्या आणि सापडल्या. 1925 मध्ये सेसिलिया पेन यांनी हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे दाखवलं.

आता प्रश्न असा की हे सगळं झाल्यावर साहांच्या हातात उरलं काय होतं? सिद्धांत तपासायला जो वर्णपटदर्शक आणि ज्या दुर्बिणी लागतात त्या अलाहाबादला नव्हत्या, आणि मागून मिळत नव्हत्या. 1923 ते 1938 त्यांनी तिथे काढली ती शिकवण्यात आणि पैशासाठी अर्ज करण्यात. विज्ञानाला पैसा कुठे आणि कसा जातो हे सरकारात ठरतं, हा धडा त्यांना प्रयोगशाळेतच मिळाला. राजकारण तिथूनच त्यांच्या मागे लागलं होतं. ‘नादी लागले’ हा शब्द म्हणूनच मला खटकला.

पाटीपेन्सिल

दुर्बीण, तुमचा पहिला अर्धा प्रतिसाद माझ्याच मुद्द्याला बळ देतो. ज्याच्या हातून असं काम झालं त्याने 1938 नंतर त्या तोडीचा एकही निबंध दिला नाही.

साधनं नव्हती म्हणता. मग रामन यांच्याकडे काय होतं? 1928 साली कलकत्त्यात साध्या साधनांवर काम झालं. सत्येंद्रनाथ बोस ढाक्यात बसून कागद-पेन्सिलीवर 1924 चं काम करून गेले. साधनांची सबब सगळ्यांना लागू होत नाही.

आणि निवडणुकीचं. 1952 ला कलकत्ता वायव्य मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले, डाव्यांचा पाठिंबा घेतला. खर्चाला पैसे नव्हते म्हणून स्वतःच्या उष्णताशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावर प्रकाशकाकडे 5000 रुपये आगाऊ मागितले. एका एफ. आर. एस. (लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो) माणसावर ही वेळ यावी? अपक्ष खासदार म्हणजे ना मंत्रिपद, ना सभागृहात संख्या. भाषणं उत्तम झाली असतील. त्यातून काय उभं राहिलं ते सांगा.

सांडवा

काय उभं राहिलं? दामोदर. सांगतो.

1943 च्या जुलैत दामोदरचा डावा बांध बर्दवानजवळ फुटला. ग्रँड ट्रंक रोड आणि रेल्वे तुटली. महायुद्ध चालू, बंगालात दुष्काळ, आणि कलकत्ता जमिनीवरून उरलेल्या देशापासून तुटलेलं. सरकारने चौकशी समिती नेमली, त्यात साहा होते. त्यांची मागणी पहिल्यापासून एकच होती: बांध उंच करत बसू नका, अख्खं खोरं एक धरून वरच्या भागात धरणं बांधा, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखं एक स्वतंत्र प्राधिकरण करा. 1922 च्या उत्तर बंगालच्या पुरात प्रफुल्लचंद्र रायांबरोबर मदतकार्य केल्यापासून ते नद्यांवर लिहीत होते. ‘सायन्स अँड कल्चर’ हे मासिक 1935 ला काढल्यावर तर नदी-संशोधनशाळेची मागणी सारखी लावून धरली.

टेनेसीतून अभियंता आला, वूर्डविन. त्याचा 1945 चा आराखडा: 10 लाख क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) पूर धरा, तो अडीच लाखांवर आणा, त्यासाठी आठ धरणं. 1948 ला दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. तिलैया 1953, कोनार 1955, मैथन 1957, पंचेत 1959. पाटीपेन्सिल, हे भाषणातून उभं राहिलेलं नाही, पण साहांनी वीस वर्षं लिहून-बोलून विषय तापवला नसता तर 1943 नंतर पुन्हा मातीचे बांधच घातले असते.

नीळा_ध्वज

थांबा जरा. दामोदरचं श्रेय परस्पर साहांना देऊन मोकळे झालात. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जुलै 1942 ते जून 1946. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात. 3 जानेवारी 1945 ला कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींना एका टेबलाभोवती बसवून ‘पूर, पाटबंधारे, वीज आणि जलवाहतूक असा बहुउद्देशीय प्रकल्प हवा’ हे धोरण बाबासाहेबांनी मांडलं. वूर्डविन ज्या केंद्रीय तांत्रिक वीज मंडळात आला ते मंडळ याच खात्याचं. केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व जलवाहतूक आयोग 1945 चा, तोही याच खात्याचा. महाराष्ट्रात बसून हे लिहिताना ते नाव एकदाही येऊ नये, याचा मला संताप येतो. दर वेळी हेच होतं.

सांडवा

नीळा_ध्वज, नाव यायला हवं होतं हे मान्य. पण ‘परस्पर’ हा आरोप मान्य नाही. मागणी कुणी रेटली आणि सरकारी यंत्रणा कुणी हलवली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहा चौकशी समितीत होते, मासिकात लिहीत होते. खातं त्यांच्याकडे नव्हतं. बिहारला जमीन बुडणार आणि फायदा बंगालला, हा तंटा सोडवायला मंत्रीच लागतो. ते काम बाबासाहेबांनी केलं.

नीळा_ध्वज

मग मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सत्तेत नसलेला तज्ज्ञ मागणी करू शकतो, सत्तेतला माणूस ती अमलात आणू शकतो. साहांना हे 1945 मध्ये दिसलं असणारच. म्हणून 1952 ला ते उभे राहिले. पण अपक्ष उभे राहिले, इथे चूक झाली. यंत्रणा हलवायला पक्ष लागतो.

पाटीपेन्सिल

आणि धरणांचं पुढे काय झालं तेही लिहा सांडवा. आठांपैकी चारच. 1978 च्या पुरात बर्दवान-हुगळी पाण्याखाली गेलीच.

सांडवा

लिहितो. आठ ठरली, महामंडळाने चार बांधली. मैथन आणि पंचेतला आराखड्यात पुरासाठी जेवढी उंची राखून ठेवली होती तिथपर्यंतची जमीन संपादितच केली नाही. त्यामुळे भिंत उंच असूनही पाणी वरपर्यंत चढवता येत नाही. तेनुघाट धरण नंतर बिहारने बांधलं, त्यात पूरसाठ्याची तरतूद नाही. त्यात भर म्हणजे एकाच जलाशयाकडून दोन उलट कामं मागितली जातात. पुरासाठी तो रिकामा हवा, पाटबंधारे आणि विजेसाठी भरलेला. सप्टेंबरअखेर मोठा पाऊस आला की जलाशय आधीच भरलेला असतो आणि दारं उघडावी लागतात. 1978 ला तर मोठा पाऊस मैथन-पंचेतच्या खालच्या भागात झाला, तिथे अडवायला काहीच नव्हतं. हे सगळं अंमलबजावणीतलं आहे. अर्धा आराखडा बांधून आराखडा फसला म्हणणं मला पटत नाही.

सौर_चैत्र

धरणांवर इतकं झालं, पण साहांचं जे काम आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेलं आहे त्याचा उल्लेख कुणीच केला नाही. कुठल्याही मराठी दिनदर्शिकेत प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात ‘भारतीय सौर’ तारीख असते. ती साहांच्या समितीची.

1952 मध्ये दिनदर्शिका सुधार समिती नेमली गेली, अध्यक्ष साहा, चिटणीस निर्मलचंद्र लाहिरी. समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी होते आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, म्हणजे आपली दोन माणसं. अहवाल 1955 चा. 1 चैत्र 1879, म्हणजे 22 मार्च 1957 पासून ही पद्धत सरकारी कामात लागू झाली. साहा त्याआधी वर्षभर गेले होते.

समितीसमोरचा प्रश्न साधा होता. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाचं वर्ष 365.2588 दिवसांचं, ऋतूंचं वर्ष 365.2422 दिवसांचं. फरक वर्षाला 0.0166 दिवस, साठ वर्षांत एक दिवस. चौदाशे वर्षांत तेवीस दिवस साचले. वसंतसंपाताला (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा) सुरू व्हायचं बंगाली वर्ष आता एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं ते यामुळे. समितीने वर्ष पुन्हा संपाताला बांधलं. चैत्र 30 दिवसांचा, वैशाख ते भाद्र पाच महिने 31 चे, आश्विन ते फाल्गुन सहा महिने 30 चे. उन्हाळ्यातले महिने मोठे का? जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असते, तिचा वेग कमी असतो, म्हणून संपात ते संपात त्या अर्ध्याला 186 दिवस लागतात आणि दुसऱ्या अर्ध्याला 179. महिन्यांचे दिवस आकाशाप्रमाणे आहेत. ग्रेगोरियन फेब्रुवारीचे 28 दिवस कुठल्या आकाशातून आले ते कुणी सांगावं.

रेवती

सौर_चैत्र, या समितीनेच गोंधळ वाढवला. महिन्यांना चैत्र-वैशाख हीच नावं कशाला दिली? आपला चैत्र चांद्र, यांचा सौर. 2024 चा गुढीपाडवा 9 एप्रिलला, त्या दिवशी सौर तारीख 20 चैत्र. 2025 ला 30 मार्चला, सौर 9 चैत्र. बरं, आकडाही जुळत नाही. 21 मार्च ते 8 एप्रिल 2024 या काळात सौर शके 1946 आणि आपलं चांद्र शके 1945. 2018 ला पाडवा 18 मार्चला आला तेव्हा उलट: चांद्र शके 1940 सुरू, सौर 1939 च. सामान्य माणसाने कुठला शके धरायचा? लोकांनी ही पद्धत वापरली नाही यात लोकांचा दोष नाही.

सौर_चैत्र

नावांची अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण 2023 ला पाडवा आणि 1 चैत्र दोन्ही 22 मार्चलाच आले होते, त्या वर्षी तरी वापर वाढला का? नाही. कारण शिकवलंच नाही. रूपांतर दोन मिनिटांचं आहे. महिन्यांच्या सुरुवाती पाठ करा: 22 मार्च चैत्र, 21 एप्रिल वैशाख, 22 मे ज्येष्ठ, 22 जून आषाढ, 23 जुलै श्रावण, 23 ऑगस्ट भाद्र, 23 सप्टेंबर आश्विन, 23 ऑक्टोबर कार्तिक, 22 नोव्हेंबर अग्रहायण, 22 डिसेंबर पौष, 21 जानेवारी माघ, 20 फेब्रुवारी फाल्गुन. इसवी प्लुत (लीप) वर्षी चैत्र 21 मार्चला सुरू होतो आणि 31 दिवसांचा असतो, म्हणून वैशाखापासून पुढचं काही हलत नाही. वर्ष काढायला 78 वजा. मात्र जानेवारी ते 21 मार्चपर्यंत (प्लुत वर्षी 20 मार्चपर्यंत) 79. बहुतेक जण इथे चुकतात. 26 जानेवारी 1950 म्हणजे 6 माघ 1871. निष्काळजीपणे 78 वजा केले की 1872 येतं. 15 ऑगस्ट 1947 म्हणजे 24 श्रावण 1869. महाराष्ट्राची स्थापना, 1 मे 1960, म्हणजे 11 वैशाख 1882.

संगणकावर करणारे दुसरी चूक करतात. प्लुत वर्ष शकाच्या आकड्यावर तपासतात. शकात 78 मिळवायचे आणि मग चारने भाग द्यायचा. शके 1948 ला चारने भाग जातो, पण त्याचं इसवी 2026, प्लुत नाही. अशा प्रणाल्या चैत्रात एक दिवस घसरतात.

बँकेत सौर तारखेचा धनादेश चालतो, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. कारकून नाही म्हणाला तर तीन महिन्यांची मुदत इसवी तारखेत मोजून दाखवा.

रेवती

तारखा काढता येतात हो, प्रश्न सणांचा आहे. समितीने धार्मिक पंचांगातही हात घातला. अयनांश (वसंतसंपात आणि ताऱ्यांच्या राशिचक्राचा आरंभ यांतलं अंतर) 23 अंश 15 कला धरून सौर महिन्यांची सुरुवात तिथेच कायमची पक्की करायची, असं ठरवलं. म्हणजे संक्रांत पुढे सरकायची थांबणार. हे शास्त्राला सोडून आहे. निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं) म्हणायचं आणि संपात-चलन (संपातबिंदूचं सरकणं) गोठवायचं? राशी ताऱ्यांना बांधलेल्या आहेत की नाहीत?

आमच्याकडे टिळक पंचांग आहे. रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून (मुख्य ताऱ्यापासून) मोजतो, त्यामुळे अयनांश चार अंश कमी आणि मकरसंक्रांत 10 जानेवारीला. कधी कधी अधिक मासही वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर आधी येतात. गावात दोनदा गणपती बसतात, तरी चालतं. लाहिरींचा अयनांश सरकारने गळी उतरवला, हे कुणी बोलत नाही.

सौर_चैत्र

रेवती, गळी उतरवला हे चूक आहे. पंचांगकर्त्यांनी लाहिरींचा आकडा उचलला आणि ‘पक्का करा’ ही शिफारस टाकून दिली. आकडा सरकता ठेवला, तो आज 24 अंशांच्या वर आहे. म्हणजे समितीचं अर्धं वाक्य घेतलं. साहांचा हेतू ऋतू आणि सण एकत्र ठेवायचा होता. संपात 72 वर्षांत एक अंश सरकतो. हा वेग चालू राहिला तर संक्रांत हळूहळू फेब्रुवारीत जाईल. उत्तरायण 22 डिसेंबरच्या आसपास सुरू होतं हे शाळेतल्या मुलालाही काठीची सावली मोजून कळतं. 14 जानेवारीला ‘आज उत्तरायण सुरू’ असं सांगणं मला तरी सहन होत नाही.

रेवती

सहन न होणं हा पुरावा नव्हे. आणि वर्षानुवर्षे जे लोक पाळतात ते समितीने ठरावाने बदलायचं, हीच साहांची खोड होती. ‘सगळं वेदांत आहे’ म्हणणाऱ्यांवर त्यांनी 1939 मध्ये काय लिहिलं ते ठाऊक आहे.

सौर_चैत्र

तिथे ते ‘आजचे सगळे शोध वेदांत आधीच आहेत’ या समजुतीला उत्तर देत होते. प्राचीन ज्योतिषाची त्यांना चीड असती तर समितीच्या अहवालात वेदांगज्योतिषापासून सूर्यसिद्धांतापर्यंतचा इतका तपशीलवार इतिहास आला नसता. तो भाग वाचा आणि मग बोला.

दुर्बीण

चर्चा पंचांगात रुतली, पण सौर_चैत्र यांच्या प्रतिसादात माझं उत्तर आहे. हे काम कुठलाही ‘गप्प बसणारा’ शास्त्रज्ञ करू शकला नसता. गणित लाहिरी करत होते. वेगवेगळ्या प्रांतांच्या वेगवेगळ्या पंचांगांना एका टेबलावर आणायचं काम शास्त्र कळणाऱ्या आणि माणसं हाताळणाऱ्याचं होतं. हेच 1938 ला झालं होतं. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती निघाली, त्यामागे साहा होते. विश्वेश्वरय्यांनी अध्यक्षपद सोडावं आणि नेहरूंनी घ्यावं, ही खटपट त्यांनीच केली. राजकीय वजन असलेला अध्यक्ष नसेल तर अहवाल धूळ खातात हे त्यांना कळत होतं.

पाटीपेन्सिल

नियोजन समिती आणि दिनदर्शिका, घ्या, दिली तुम्हाला. दामोदरही अर्धं दिलं. पण दुर्बीण, अणुऊर्जेवर गप्प का? 1948 ला अणुऊर्जा आयोग करायला साहांचा विरोध होता: आधी उद्योग आणि प्रशिक्षित माणसं तयार करा म्हणे. मे 1954 मध्ये लोकसभेत त्यांनी चर्चा उपस्थित केली, गुप्ततेवर टीका केली. आणि झालं काय? 4 ऑगस्ट 1956 ला तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. साहा फेब्रुवारीत गेले, सहा महिन्यांनी भाभांनी उत्तर दिलं. साहांच्या स्वतःच्या संस्थेतला सायक्लोट्रॉन (अणुकणांना वेग देणारं यंत्र) 1941 पासून रखडलेला होता.

दुर्बीण

सायक्लोट्रॉन का रखडला तेही लिहायचं होतं. चुंबक अमेरिकेतून आला, निर्वात पंप घेऊन येणारं जहाज युद्धात बुडालं. पंपांशिवाय कक्षातली हवा निघत नाही आणि हवा असेल तर प्रोटॉन चार फेऱ्यांत विखुरतो. नवे पंप युद्ध संपेपर्यंत मिळाले नाहीत. यात आळस कुठे आहे?

अप्सरेचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. साहांचा मुद्दाच तो होता: माणसं आणि उद्योग इथले हवेत. 1948 च्या कायद्याची गुप्तता ब्रिटिश कायद्यावरून उचललेली, तीही अशा देशात जिथे लपवण्यासारखं अजून काही नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की अणुसंशोधन विद्यापीठांत राहू द्या. ते झालं नाही. पैसा, उपकरणं आणि हुशार मुलं विद्यापीठांबाहेरच्या संस्थांत गेली. पुणे, नागपूर, मुंबई, कुठल्याही विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची अवस्था बघा आणि मग सांगा 1954 ला कोण बरोबर होतं.

पाटीपेन्सिल

विभागांची अवस्था वाईट आहे यावर वाद नाही. पण त्याला राज्य सरकारांच्या रखडलेल्या प्राध्यापकभरत्याही तितक्याच कारणीभूत आहेत. तुर्भ्याचं काम विद्यापीठात झालं असतं असं मला आजही वाटत नाही. अणुभट्टीला लागणारी शिस्त, सुरक्षा आणि एकहाती खरेदी सिनेटच्या बैठकीतून येत नाही.

नीळा_ध्वज

दोघेही एक गोष्ट विसरताय. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या वाण्याचा मुलगा, 1905 ला गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून शिष्यवृत्ती गेलेला, कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून पंक्तीबाहेर ठेवलेला. भाभांना दिल्लीतली दारं आपोआप उघडत होती. साहांना प्रत्येक दार ठोठावावं लागलं. शेवटचं दार लोकसभेचं होतं, ते मतांनी उघडलं. निर्वासितांच्या छावण्यांबद्दल तिथे ते बोलले ते कुठल्या प्रयोगशाळेतून बोलता आलं असतं? पाटीपेन्सिल यांच्या मूळ लेखात निर्वासितांवर एक ओळ नाही.

पाटीपेन्सिल

निर्वासितांवर लिहायला हवं होतं, ते घालतो. ‘वाया गेले’ हे शीर्षक बदलणार नाही.

सांडवा

बदलू नका, पण दामोदरवाल्या परिच्छेदात वूर्डविनचा आराखडा आणि संपादित न केलेली जमीन दोन्ही घाला. आणि बाबासाहेबांचं नाव, 3 जानेवारी 1945 च्या बैठकीसकट.